भविष्य बघू पाहणाऱ्या सरकारांसाठी प्राथमिक धडे

आधी साल निवडा. इतकं जवळचं नको की जाब द्यायला आपणच खुर्चीत असू, आणि इतकं लांबचंही नको की अर्थखातं हसेल. वीस-तीस वर्षं उत्तम. आपल्याकडे तंत्रज्ञानाचा अंदाज बांधणाऱ्या 'टायफॅक' या सरकारी संस्थेनं १९९६ मध्ये २०२० निवडलं, २०१६ मध्ये २०३५. सध्या २०४७ जोरात आहे.

आता तज्ज्ञ गोळा करा, पण एका खोलीत बसवू नका. तिथे ज्येष्ठ बोलतात, बाकीचे माना डोलावतात. यावर अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशननं डेल्फाय पद्धत काढली. नावं गुप्त ठेवून प्रश्नावली पाठवायची: अमुक तंत्र कोणत्या साली प्रत्यक्षात येईल? उत्तरं आली की सगळ्यांचा कल त्यांनाच कळवायचा आणि विचारायचं, मत बदलताय का? जपान १९७१ पासून साधारण दर पाच वर्षांनी हा उद्योग करतो. जुने अंदाज किती खरे ठरले, हेही तपासतो. ही खोड नवशिक्यांनी लावून घेऊ नये.

थट्टा बाजूला ठेवली, तर उपयोग आहे. एरवी एकमेकांच्या फायलींकडे ढुंकूनही न बघणारी माणसं पुढच्या तीस वर्षांवर वाद घालतात, आणि त्यातलं थोडंफार जपानच्या पंचवार्षिक विज्ञान-तंत्रज्ञान आराखड्यात उतरतं.

अहवाल कोणी वाचत नाही, तेव्हा गोष्ट लिहा. २००७ मध्ये जपानच्या शिंझो आबे सरकारच्या 'इनोव्हेशन २५' या आराखड्यानं २०२५ मधल्या इनोबे नावाच्या कुटुंबाचा एक दिवस रंगवला. आडनाव अर्थातच इनोव्हेशनवरून. घरात आजी-आजोबा आणि घरकामाला इनोबे-कुन नावाचा रोबो. देश म्हातारा होतोय, कामाला हात कमी पडताहेत. बाहेरून माणसं आणायची तर मतदार बिथरतात. रोबो व्हिसा मागत नाही.

मंजुरी मात्र लवकर उरका. मंत्रिमंडळानं हा आराखडा जूनमध्ये मंजूर केला आणि सप्टेंबरमध्ये आबेंनी राजीनामा दिला.

तेव्हा इनोव्हेशन खातं होतं साने ताकाइचींकडे. २०२५ उजाडलं, इनोबे-कुन काही घरोघरी पोचला नाही. ताकाइची मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.