भाजीतली बचत : तत्त्व आणि व्यवहार

ताजी भाजी स्वस्तात मिळवण्याचा व्यवहार महाराष्ट्रात भाव विचारण्याने सुरू होतो आणि भाव ऐकून पुढे चालू लागल्यावर रंगात येतो. चार पावलांवर मागून हाक आली, तर भाव उतरला असे समजतात. हाक आली नाही, तर त्या गाडीवर परत जायचे नसते. मग पुढच्या गाडीवर दोन रुपये जास्त पडले तरी बिघडत नाही.

त्यानंतर मालाची तपासणी होते. भेंडीचे टोक मोडून पाहतात, दुधीला नख लावतात, कणीस सोलून दाणे दाबतात. मटाराची शेंग फोडून दाणे तोंडात टाकणे हीही तपासणीच. ती वजनाआधी होत असल्याने तिचा हिशेब कुठेच लागत नाही. अर्धा किलो भेंडी पिशवीत पडेपर्यंत ढिगात मूठभर भेंड्या शेंडी तुटलेल्या उरतात. संध्याकाळी त्यांचा वाटा लागतो आणि तो दुसरा एखादा काटकसरी माणूस विजयी मुद्रेने उचलतो.

भाजीवर चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या आणि कढीपत्ता फुकट मिळावा, असे कोणताही कायदा सांगत नाही. पाळले मात्र ते कायद्यापेक्षा कसोशीने जाते. मे 2024 मध्ये ब्लिंकिट या घरपोच किराणा ॲपवर कोथिंबिरीचे पैसे पडले म्हणून एका मुंबईकराच्या आईला धक्का बसला. मुलाने ते जाहीरपणे लिहिले आणि कंपनीने भाजीबरोबर फुकट कोथिंबिरीची सोय करून टाकली. घरपोच सेवेचा आणि हाताळणीचा आकार कोणाच्या आईला खुपल्याचे अजून ऐकिवात नाही.

जागा बदलून बचत करणारा पंथ वेगळा. तो पहाटे मोटार काढून पुण्यात गुलटेकडीच्या, नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात जातो. तिथला माल गोणीने आणि क्रेटने घ्यायचा असल्याने चार शेजारी भागीदार लागतात. पेट्रोल हिशेबात धरत नाहीत, कारण ते भाजीच्या पिशवीत येत नाही.

हंगाम पाहून खरेदी करणे हा यातला सर्वांत खात्रीचा उपाय, आणि त्यालाच अनुयायी सर्वांत कमी. थंडीत मटाराचे ढीग लागतात, पण घरात मटारपनीरची तलफ जूनमध्ये येते. पितृपक्षात गवार कडाडते. पितरांचा मेनू ठरलेला असल्याने घासाघीस करता येत नाही. हापूस मार्चमध्ये शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी घेतात, मेअखेरीस खाण्यासाठी. जुलै 2023 मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा घरोघरी आमसूल आणि चिंचेचे गुण आठवले. त्याच वर्षी नाशिक भागात भाव कोसळून टोमॅटो रस्त्यावर ओतला गेला. तेव्हा शहरात कोणाला टोमॅटोचे सार आठवल्याची नोंद नाही.

वाचवलेली रक्कम शेवटी फ्रीजच्या तळच्या खणात जमा होते. स्वस्त म्हणून घेतलेल्या तीन जुड्यांपैकी एकीची भाजी होते, दुसरी पिवळी पडते आणि तिसरीचा पाला प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी सुटून काळा होतो. ओली जुडी तशीच कोंबली की सडते. पाणी निथळून, कागदात गुंडाळून ठेवली तर बरीच टिकते. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब फुटतात. ही माहिती सर्वांना असते. तीन रुपये सोडायला लावण्यात जो पराक्रम आहे, तो पालक निवडून ठेवण्यात नाही, एवढेच.

काटकसर टोकाला नेल्याचे उदाहरण मात्र ग्राहकाच्या नव्हे, बाजाराच्या नावावर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत 512 किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला 1 रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता 2 रुपये 49 पैसे राहिले. व्यापाऱ्याने चेक दिला तो 2 रुपयांचा, आणि तोही पुढच्या तारखेचा.