सुई आणि चहा

दुखऱ्या गुडघ्याला बडोद्याच्या हरणीत सल्ल्यांची टंचाई नाही. शनिवारी भीडभंजन हनुमानाच्या रांगेत नुसतं ‘आई गं’ म्हणायचा अवकाश, पुढचे काका मेथीदाणे सुचवतात, मागच्या मासी कुठल्याशा तेलाचं नाव घेतात. आमच्या वहिनींनी त्यात सुयांची भर घातली.

‘‘भाऊजी, अ‍ॅक्युपंक्चर करून बघा.’’

‘‘पण ते गुण कसा देतं?’’

‘‘गुण येतो ना? मग कसा कशाला हवं!’’

बडोद्यात राहून हे ऐकून घेणं अवघड. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी इथे 1907 साली अलेंबिक ही औषध कंपनी काढली, तेव्हापासून औषधात कुठलं रसायन आहे हे विचारायची या शहराला सवय आहे. आणि या सुईच्या टोकाला तर काहीच लावलेलं नसतं.

रसायन असतं, पण ते आपलंच. शरीर स्वतःपुरती अफू बनवतं, हे 1970च्या दशकात कळलं. एंडॉर्फिन त्याच कुळातलं. मग 1977 साली काही संशोधकांनी एक खोडी काढली. सुयांमुळे ज्यांची दाताची वेदना कमी झाली होती, त्यांना त्यांनी नॅलॉक्सोन दिलं. हा मॉर्फिनचा उतारा. सुयांचा गुण उतरला! म्हणजे सुई टोचल्यावर मेंदू आपल्या खाजगी साठ्यातून काहीतरी सोडत असावा. पेकिंगच्या हान जीशेंग यांनी पुढे दाखवलं की सुयांमधून सेकंदाला 2 वेळा वीज सोडली तर एक द्रव्य सुटतं आणि 100 वेळा सोडली तर दुसरं.

दुसरं स्पष्टीकरण मेल्झॅक आणि वॉल यांचं, 1965 सालचं. पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक फाटक आहे म्हणे. सोसायटीचा वॉचमन ओळखीच्यांशी गप्पांत रंगला की कुरिअरवाला बाहेर ताटकळतो, तसं स्पर्शाचे संदेश आत शिरत असताना वेदनेला थांबावं लागतं. पाट पायाला लागला की आपण आधी तिथे चोळतो ते उगाच नाही; सुईही तेच करत असावी.

मला सगळ्यांत भावलेलं स्पष्टीकरण मात्र 2010 सालचं, आणि ते उंदरांच्या पायातलं आहे. आपल्या गुडघ्याखाली चार बोटांवर एक प्रसिद्ध बिंदू आहे. उंदरांत त्याच जागी सुई खुपसून अधूनमधून फिरवली, तर आसपासच्या ऊतींत अ‍ॅडेनोसिन भराभर वाढतं आणि तिथल्या मज्जातंतूंना शांत करतं. ज्या उंदरांना अ‍ॅडेनोसिनचा ग्राही (रिसेप्टर) जन्मतःच नव्हता, त्यांना सुईचा काही उपयोग झाला नाही. इथवर वाचून मी खूश होतो. पण त्याच ग्राहीवर जाऊन बसणारा आणखी एक इसम आहे, कॅफीन. उंदरांना कॅफीन दिल्यावर सुईचा गुण नाहीसा झाल्याचंही पुढे दिसलं. आता दिवसातून पाच कप चहा घेणाऱ्या मराठी माणसाने काय करायचं? वहिनींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘उंदरांचं राहू द्या, तुमचा चहा निवतोय.’’

अ‍ॅक्युपंक्चरशी आपलं नातं तसं जुनं. 1938 साली चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकरही. कोटणीस 1942 साली तिथेच वारले. त्यांचे सहकारी बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात रुजवली.

आता स्पष्टीकरणांची गाडी अडते ती इथे. 2007 साली जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर चाचणी झाली. शास्त्रोक्त सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना सहा महिन्यांनी गुण होता. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना! नेहमीचे उपचार घेतलेले 27.4 टक्क्यांवर राहिले. म्हणजे सुई टोचणं कामाचं, पण ती नेमकी कुठे टोचली याचं फारसं महत्त्व नाही असं दिसतं. अर्थात 2021 सालच्या एका अभ्यासात उंदराच्या मागच्या पायात सुई घालून सौम्य वीज दिल्यावर शरीरातला दाह कमी झाला, पोटात दिल्यावर तसं घडलं नाही; कारण पायाच्या खोल पडद्यात विशिष्ट मज्जातंतू असतात. शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

माझं मत विचाराल तर अर्धं काम सुई करते, उरलेलं अर्धा तास आपल्याला आडवं पाडून कुणीतरी आस्थेने ‘आता कसं वाटतंय?’ विचारतं त्याचं. त्या अर्ध्याला खोटं म्हणायला मी तयार नाही. अपेक्षेनेही मेंदूतली तीच अफू सुटते.

वहिनींचं ऐकून सुया घ्यायच्याच असतील, तर सुई नवी, निर्जंतुक आणि एकदाच वापरून फेकायची आहे ना, हे डोळ्यांनी बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि चहा सुया काढल्यावर घ्या.