वेगाची पूर्वतयारी

पन्नाशी उलटलेल्या मराठी माणसाने दोन दरवाजांची, दोन सिटांची गाडी घ्यावी का, यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, घेऊ नये. दुसऱ्याचं म्हणणं, घ्यायचीच होती तर नवी घ्यायची. माझी पोर्शे केमन सेकंडहँड आहे. तिचं इंजिन सिटांच्या मागे असतं आणि पुढचं बॉनेट उघडलं की आत डिकी निघते. गाडी बघायला येणारा प्रत्येक जण आधी बॉनेट उघडायला लावतो, आतला रिकामा खड्डा बघतो आणि अत्यंत सहानुभूतीने विचारतो, "दुरुस्तीला दिलंय का?" इथवरही ठीक होतं. गाडी रेसट्रॅकवर न्यायचं ठरलं आणि दोन्ही तट एक झाले.

ट्रॅक डे म्हणजे काय, हे घरच्यांना पटवणं हा तयारीचा पहिला भाग. ही शर्यत नसते. हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, फी भरतात आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी ट्रॅकवर चालवतात. नंबर नाही, चषक नाही, बऱ्याच ठिकाणी तर फेरीची वेळही मोजू देत नाहीत.

"अहो, मग जिंकतं कोण?" बायकोने विचारलं.

"कोणीच नाही."

"आणि पैसे आपण भरायचे?"

हे नक्की आहे तरी काय, हा पेच एकट्या तिलाच पडला होता असं नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली (तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेलच जिंकला), तेव्हा हा खेळ आहे की करमणूक, यावरून उत्तर प्रदेश सरकारशी कराचा वाद झाला होता. आमच्या घरात हा वाद एका वाक्यात मिटला. खेळ नाही, करमणूकही नाही, हे खूळ आहे.

ट्रॅक निवडला चेन्नईजवळचा, इरुंगट्टुकोट्टईचा. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 सालचा. पूर्वी त्याच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. 1990 पासून क्लबचा हा स्वतःचा, सुमारे 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे. पुणेकराला या जागेची एक गंमतशीर सोय आहे. वारज्याच्या पुलावरून खाली बघितलं की जो महामार्ग दिसतो, तोच राष्ट्रीय महामार्ग 48 कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत थेट ट्रॅकच्या वळणापाशी जातो. अकराशेहून जास्त किलोमीटर एकच रस्ता! पत्ता विचारायला कुठे थांबावं लागत नाही, आणि त्यामुळे मन बदलायलाही निमित्त मिळत नाही.

गाडी ट्रेलरवर घालून न्यायची ऐपत असती तर गोष्ट वेगळी. मी चालवत नेणार होतो, म्हणजे त्याच गाडीने, त्याच टायरांवर, त्याच बायकोकडे परत यायचं होतं. पुढची सगळी तयारी या एका अटीवर झाली.

गॅरेजमध्ये मला वाटलं होतं, मिस्त्री इंजिनापासून सुरुवात करतील. त्यांनी इंजिन ऑइलची पातळी बघितली, "बरोबर आहे" म्हणाले आणि इंजिनाचं नाव टाकलं. मग ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून त्यांनी त्यातला थेंब कागदाच्या कपटावर घेतला. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. हा थेंब तपकिरी होता. तो उजेडात धरून त्यांनी विचारलं, "काका, हे कधी बदललंय?"

"आधीच्या मालकाला विचारावं लागेल."

"म्हणजे बदललेलं नाही," ते म्हणाले.

ब्रेक ऑइल हे प्रकरण मला तेव्हा प्रथमच नीट कळलं. ते हवेतली ओल शोषून घेतं, बंद डबीत असूनही. डॉट-4 जातीचं नवंकोरं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, अशी त्याच्या मानकाची अट आहे. पाणी मुरल्यावर हीच अट 155 अंशांवर येते. लक्ष्मी रोडवर याने काही बिघडत नाही, कारण तिथे ब्रेक तापण्याइतका वेग कुणाला मिळालाय? ट्रॅकवरचं गणित निराळं. माणसासकट चौदाशे किलोची गाडी ताशी 180 वरून 80 वर आणायची, तर जी ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते तिच्यावर जवळपास पाच लिटर पाण्याला उकळी फुटेल. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या चहाचं आधण! ते तीनेक सेकंदांत चार डिस्कवर ठेवायचं, आणि डिस्क निवायच्या आत पुढचं वळण येतं. ही उष्णता पॅडमधून ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय थेट तळाला जातो आणि गाडीला त्याचा पत्ताच नसतो.

"पळायचं कंपनीने बघितलंय," मिस्त्री म्हणाले. "थांबायचं आपण बघू." या विषयावर मी पुष्कळ वाचलं, पण याहून नेमकं काही सापडलं नाही.

ऑइल बदललं, पॅड नवे घातले. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, कारण अंदाजाने आवळलेला बोल्ट एक तर सैल असतो नाहीतर अति घट्ट. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो, तो त्यांनी गुडघ्यावर बसून, बॅटरी मारून वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 3119 असेल तर टायर 2019 सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत दिसो, रबराचं वय लपत नाही. (माणसाचंही लपत नाही, पण त्याबद्दल मिस्त्रींनी काही म्हटलं नाही.) हवेबद्दलही त्यांनी बजावलं, की ट्रॅकवर टायर तापले की हवा सहा-आठ पीएसआयने सहज चढते. म्हणून प्रत्येक पाळीनंतर गरम टायरची हवा मोजायची आणि जादा सोडायची. पेट्रोलपंपावरच्या मुलाला हवा भरायला सांगण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हवा सोडायला शिकणं जरा जड जातं.

मग आली गाडी रिकामी करण्याची पाळी. नियम असा, की गाडीत सुटी वस्तू एकही नको. जोरात ब्रेक लागला की मागची पाण्याची बाटली पुढे येते आणि नेमकी पेडलखाली जाऊन बसते. घरातल्या पलंगपोसावर मी गाडीतलं सामान मांडलं. छत्री, दोन कंगवे, आवळा सुपारी, जुन्या टोलच्या पावत्या, मेव्हण्याच्या गृहप्रवेशाची पत्रिका, पाच रुपयांची बरीच नाणी, एक मोजा. पायाखालचे मॅटही काढले. सिटाच्या फटीतून बायकोचं हरवलेलं कानातलं निघालं. ते हातात घेऊन ती म्हणाली, "चला, एक तरी फायदा झाला." आमच्या घरी ट्रॅक डेला मिळालेली ही पहिली मान्यता.

डॅशबोर्डवरच्या गणपतीचा प्रश्न नाजूक होता. तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसलेला, आणि टेपने चिकटवलेलं ते सुटंच, असा नियम. शेवटी त्याला फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला आणि चेन्नईला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, खुर्चीवर बसवला. पुढच्या बंपरखालची लिंबू-मिरची मात्र विसरली होती. गाडी ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत तिथल्या माणसाने वाकून बॅटरी पक्की बसलीय का पाहिलं, टो-हूक लावलाय का पाहिलं आणि मग ती माळ पाहिली. मला वाटलं, हसेल. पण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणारा तो मुलूख. त्याने दोरा हलक्या हाताने सोडवला आणि माळ माझ्या ओंजळीत ठेवली.

हेल्मेटचं काय सांगू? हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढलेल्या शहराचा मी नागरिक, आणि चारचाकीत बसायला हेल्मेट विकत घेऊन आलो. तेही साधं नाही. मोटारस्पोर्टच्या हेल्मेटचं अस्तर आग सहज न धरणारं असतं, म्हणून किंमतही तशीच. ते घालून घरी सराव म्हणून केमनमध्ये बसलो तर टाळू छताला टेकली. सीट खाली घेतली. तेवढ्यात पार्किंगमधून जाणाऱ्या एका आजोबांनी काच ठोठावून विचारलं, "आता कारलाही केलं का कंपल्सरी?" पुढची पंधरा मिनिटं त्यांनी खांबाला टेकून सरकारचा समाचार घेतला. मी आत घामाघूम.

विम्याची गोष्ट थोडक्यात. पॉलिसीचा कागद काढून 'वापराच्या मर्यादा' हे कलम वाचा. शर्यत, वेगचाचणी वगैरे गोष्टींना तिथे स्पष्ट नकार असतो. याचा अर्थ असा, की ट्रॅकवर जे काही मोडेल ते तुमच्या खिशातून भरायचं. हे कलम वाचल्यावर माझा आदर्श वेग आपोआप ठरला.

पण गाडीची तयारी फार तर दोन दिवसांची. माणसाची तयारी करायची म्हणजे रस्त्याने अंगात भिनवलेलं बरंच काही उतरवावं लागतं. पुण्यात तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाची नजर बॉनेटच्या पुढे दहा फुटांवर खिळलेली असते, कारण पुढचं संकट तिथेच उगवतं. ट्रॅकवर शेजारी बसलेला शिक्षक पहिल्याच फेरीत म्हणाला, "सर, रस्ता बघू नका. वळण जिथे संपतं तिथे बघा." हात आपोआप नजरेमागे जातात, हे त्याचं म्हणणं. मी मात्र पहिल्या दोन फेऱ्या स्पीडब्रेकर शोधत होतो. उलट्या बाजूने कुणी येणार नाही, मधेच कुणी रस्ता ओलांडणार नाही, यावर विश्वास बसायला वेळ लागतो. सवयीने हॉर्नवर गेलेला अंगठा शिक्षकाने बोटाने उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

बसायचंही नव्याने शिकावं लागलं. पाठ सिटाला टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. हात नवावर आणि तिनावर. ब्रेक तर अगदीच उलटा. आपण शहरात हळूच सुरुवात करून शेवटी दाबतो. इथे पहिल्या क्षणी सगळ्यात जोरात आणि मग वळताना हळूहळू सोडत जायचं. मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी उजवं वळण आहे. त्यात डाव्या कडेवरून शिरायचं, आतली कड गाठायची आणि पुन्हा बाहेर पसरायचं. या वाटेला लाइन म्हणतात. वळणाच्या मध्यावर भीती वाटते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो. तो उठू द्यायचा नाही. तो उठला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागचे टायर हलके होतात आणि पाठीमागे बसलेलं इंजिन तुमच्या आधी पोहोचायचं बघतं. आत शिरतानाच वेग कमी ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं, आणि बाहेर पडताना गाडी खरोखर पळते. वेगाने चालवायला शिकण्यातला बराचसा भाग वेळीच हळू होण्याचा आहे, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी कमी घाबरलो असतो.

झेंडे सकाळच्या तासातच समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नको. लाल म्हणजे पाळी थांबली, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आहे, वाट द्या. मला निळा झेंडा बराच दिसला. पहिल्यांदा मागून आली ती एक जुनी पोलो. हात बाहेर काढून मी तिला जायची बाजू दाखवली, ती भुर्रकन गेली. नंतर पिटमध्ये कळलं, चालवणारी माझ्या मुलीच्या वयाची. "अंकल, तुमची लाइन छान आहे," ती म्हणाली. गाडीबद्दल काही बोलली नाही, हे मला आवडलं.

प्रत्येक पाळीची शेवटची फेरी ब्रेकला न शिवता, सावकाश काढायची, म्हणजे सगळं निवतं. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या ब्रेकला आवळून धरलं की पुढचं बिल मोठं येतं. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली वीट. एवढी महागडी गाडी विटेच्या भरवशावर उभी असते. मग सावलीत बसून लिंबूपाणी प्यायचं, हवा मोजायची आणि इतरांच्या गाड्यांवर मतं द्यायची. दिवसातला निम्मा आनंद इथे मिळतो, आणि याला पोर्शे लागत नाही.

तुमच्याही गाडीच्या मीटरवर 220 किंवा 240 असा आकडा असेल, तर तो खरा आहे का हे मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर तपासू नका. तिथे सपाटीवर मर्यादा 100ची आहे, आणि पुढच्या ट्रकच्या मनात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. चेन्नई किंवा कोइमतूरचा ट्रॅक गाठा. स्विफ्ट चालते, आय-ट्वेंटी चालते, जुनी पोलो तर भलतीच चालते. गळ्यापर्यंत सांबार-वडा न खाता जा, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, शिक्षक मिळत असेल तर पैसे वाचवू नका. आणि निघण्याआधी ब्रेक ऑइल बदलून घ्या. बदलल्याची पावती जपून ठेवा, पुढचा मालक विचारील.