घासाघीस

आमच्या डोंबिवलीच्या घरात सध्या एक युद्धनौका बांधली जात आहे. 'त्रिंकोमाली' तिचं नाव. मूळची मुंबईचीच. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ती मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधली, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरवली आणि आज ती इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. आमची एकास शहाण्णव मापाची. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट तर आमचं एक सूत. दीडशे फूट लांबीचा तो तोफांचा डेक आमच्या जेवणाच्या टेबलावर पावणेएकोणीस इंचांत मावतो. मावत नाहीत ती जेवणाची ताटं.

वाडियांना सुमारे दीड वर्ष लागलं. ह्यांना किती लागेल ते विचारायचं नाही, असा आमच्या घरात करार आहे.

जहाज बांधणं म्हणजे लाकडाला लाकूड चिकटवणं, अशी माझी भाबडी समजूत होती. चिकटवणं दोन मिनिटांचं. बाकी सगळा वेळ घासणं. पहिला बळी गेला माझ्या नखं घासायच्या पट्ट्यांचा. त्यांच्या पोटात मऊ फोम असतो, त्यामुळे त्या जहाजाच्या पोटावर छान वळतात, हा शोध ह्यांनी लावला आणि पट्ट्या कायमच्या आरमारात भरती झाल्या. दुसरा बळी माझ्या शिवणाच्या कात्रीचा. पॉलिश पेपर कात्रीने कापत नाहीत, मागच्या बाजूने पट्टीच्या कडेवर दुमडून फाडतात. हे ज्ञान मला कात्रीने ब्लाउजपीस चावायला सुरुवात केल्यावर मिळालं.

तो पॉलिश पेपर हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ८०, १२०, २२०, ४००. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. सरकारी कचेरीत हुद्द्याचं असतं त्याच्या बरोबर उलट. जुन्या हिशेबाने, दाणे ज्या चाळणीतून गाळायचे तिला इंचाला जितकी भोकं, तितका कागदाचा नंबर. हे समजावायला ह्यांनी चित्र काढायला घेतलं. रव्याची चाळणी आणि मैद्याची चाळणी वेगळी असते हे ज्या बाईला माहीत आहे, तिला चित्र लागत नाही.

खरी कसोटी फासळ्यांची. मधल्या फासळ्यांच्या कडा सरळ चालतात, पण नाळेकडे आणि मागच्या बाजूला जहाज वळतं, तिथे त्या तिरक्या घासाव्या लागतात. नाहीतर वरची फळी कडेच्या एका टोकावरच टेकते आणि काही दिवसांनी फटकन सुटते. एकेक फासळी सुटी घासून भागत नाही. लवचीक पट्टीला कागद चिकटवायचा आणि तीन-चार फासळ्यांवरून एकदम फिरवायचा. मग वर एक पातळ काडी धरून बघायचं. काडीखालून उजेड दिसला की पुन्हा घासा. कित्येक महिने आमच्याकडे नुसता उजेड होता.

"मूळ जहाज सागाचं, मग आपलंही सागाचं करा," असं मी एकदा म्हटलं. सागाच्या रेषा भरड. एक मिलिमीटरची रेष या मापात खऱ्या जहाजावर चार बोटं रुंद होते. शिवाय सागात वाळूसारखी सिलिका असते, ती हत्यारांची धार खाते. म्हणून हळदूचं लाकूड आलं. बारीक, गुळगुळीत आणि पिवळंधमक. त्याचा भुसाही फेकायचा नाही. पांढऱ्या डिंकात कालवून फटींत भरायचा. तो एका डब्यात साठतो आणि त्या डब्यावर 'हळद नव्हे' अशी चिठ्ठी आहे. ती का लावावी लागली हे पोह्यांच्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांना विचारा.

मी मालवणची. त्यामुळे या विषयात माझं योगदान काय, तर मोरी. मोरी म्हणजे लहान शार्क. आमच्याकडे ती गरम पाण्यात टाकून कातडी खरवडतात, कारण तिच्या अंगावर खवल्यांऐवजी बारीक दातच असतात. अशी वाळवलेली कातडी अनेक देशांत सुतार लाकूड घासायला वापरत, असं मी जेवताना सहज बोलून गेले. त्या घासाबरोबर माझी शांतता गेली. पुढच्या रविवारी ह्यांनी कोळणीकडून सबंध मोरी आणली. मांस माझं, कातडी ह्यांची, अशी वाटणी झाली. कातडी फळीवर ताणून, टाचण्या मारून गॅलरीत उन्हात ठेवली.

डोंबिवलीतलं ऊन आणि मालवणातलं ऊन यांत खाऱ्या वाऱ्याचा फरक आहे. संध्याकाळपर्यंत गॅलरीखाली इतकी मांजरं जमली, की वॉचमनने मोजायचं सोडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अत्तर लावून जिना उतरू लागल्या. मग सूचनाफलकावर कागद लागला, 'सभासदांनी गॅलरीत जलचर वाळवू नयेत.' खाली चिटणीसांची सही. हे मात्र खूश. कातडी खरोखर चालते म्हणे. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की खरखरीत, उलट फिरवला की रेशीम. चाललीही असती, पण दुसऱ्या रात्री मांजरांनी निकाल लावला.

त्यानंतर हत्यारं वाढली. प्रत्येक खरेदीला इतिहासाचा आधार असतो. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच कैदी इंग्लंडात नॉर्मन क्रॉसच्या छावणीत रेशनमधल्या मटणाच्या हाडांची जहाजं कोरत आणि बाजारात विकत. अप्रतिम कामं, पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत. हे सांगून झाल्यावर सहा पटाश्यांचा परदेशी संच मागवायचा होता.

"त्या कैद्यांकडे कुठला संच होता?" मी विचारलं.

ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला. माझं मत विचाराल तर तिथूनच जहाज मार्गी लागलं. शिवणयंत्राची मोडकी सुई घासून तिची इवलीशी पटाशी झाली. छत्रीची मोडकी काडी आतून पन्हळीसारखी असते, तिचं टोक धारदार केलं की झाली गोल पटाशी. माझा भाऊ दातांचा डॉक्टर, त्याच्याकडची झिजलेली ड्रिलची टोकं आली. ती फिरू लागली की सासूबाई जबडा धरून आतल्या खोलीत जातात.

ही सगळी शस्त्रं परजली ती एका माणसासाठी. त्रिंकोमालीच्या नाळेवर फेटेवाल्या पुरुषाचा पुतळा आहे. आमच्या मापात तो बोटाच्या पेराएवढा. लांब काठीच्या टोकावर तो कोरायचा, म्हणजे हातात धरायला दांडा राहतो, आणि अगदी शेवटी कापून वेगळा करायचा. पहिल्याचं नाक उडालं. दुसऱ्याचा फेटा पुणेरी पगडीकडे झुकला. तिसरा जमला. ह्यांनी तो ४०० नंबरने हलकेच घासला, मग अजून थोडा, मग जेवून उठल्यावर अजून थोडा, आणि भिंग देऊन आईंपुढे धरला.

सासूबाईंनी बराच वेळ निरखलं. "फेटा झोकदार झालाय," त्या म्हणाल्या. "पण आजारातून उठलाय का रे हा? गाल किती बसलेत."

"जरा जास्त घासला गेला, आई."

"मग त्या डब्यातलं लाव की थोडं," सासूबाई म्हणाल्या. "हळद नसली म्हणून काय झालं? बोहल्यावर नाही, बोटीवरच चढायचंय त्याला."