“तुम्हीच खिडकी लावून घ्या”

सोसायटीत सिगारेटच्या धुराची तक्रार करा, पहिलं उत्तर ठरलेलं: “तुम्हीच खिडकी लावून घ्या ना.” सेक्रेटरी हेच म्हणतात, चेअरमन हेच म्हणतात, ओढणारा तर म्हणतोच म्हणतो. म्हणजे मे महिन्याच्या घामट मुंबईत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने खिडक्या बंद करून बसायचं. का, तर दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना जेवण झाल्यावर एक लागते. हे उत्तर मला साफ नामंजूर आहे.

बाल्कनीत उभं राहून ओढणाऱ्या माणसाकडे जरा नीट बघा. तो बाहेर का येतो? घरात लहान मूल आहे. बायको चिडते. पडद्यांना वास धरतो. धूर वाईट, हे त्याला कुणी शिकवायला नको. ठाऊक आहे म्हणूनच बाहेर आल्यावर तो सरकतं दार मागे घट्ट ओढून घेतो. आपलं लेकरू त्याने वाचवलं. वरच्या घरातल्या लेकराचं काय? धूर गरम असतो, तो वरच चढतो, आणि वरच्यांच्या बेडरूमच्या खिडकीशी पाळणा असेल तर आधी पाळण्यापाशीच पोचतो. ‘माझं घर, माझी मर्जी’ हे म्हणणं त्या सरकत्या दाराच्या आत ठीक आहे. त्याने तर धूर दाराबाहेर सोडला.

बाल्कनी निदान दिसते तरी. डक्ट दिसतही नाही, आणि खरा छळ तिथे आहे. आपल्या बहुतेक इमारतींत संडास-बाथरूम एकावर एक असतात आणि सगळ्यांच्या खिडक्या पाइपांच्या त्या अरुंद, अंधाऱ्या पोकळीत उघडतात. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही असे पुरुष दर इमारतीत सापडतील. ते आत बसतात, एक्झॉस्ट फॅन लावतात, आणि पंखा सगळा धूर डक्टमध्ये ढकलतो. तिथे वारा नसतो. धूर सरळ वर जातो आणि काचेच्या पट्ट्यांमधून वरच्या घरांत शिरतो. वरची आई पोराला शाळेसाठी आंघोळ घालायला जाते तेव्हा बाथरूममध्ये साबणाच्या आधी तंबाखूचा वास येतो. दांडीवरच्या कोरड्या टॉवेललाही तोच. बेसिनखाली पाइप भिंतीत शिरतो तिथलं सिमेंट निघालेलं असलं की वास स्वयंपाकघरापर्यंत येतो.

ती भोकं जरूर बुजवा, फरक पडतो. पण त्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २००६ चा अहवाल स्वच्छ सांगतो की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी मात्राच नाही, आणि पंखे, हवा शुद्ध करणारी यंत्रं, वेगळी खोली यांनी तो पुरता टळत नाही. एअर प्युरिफायर कण पकडतो, वायू बरेचसे तसेच राहतात. स्वतः न ओढणारी तेरा लाखांहून अधिक माणसं दरवर्षी दुसऱ्यांच्या धुराने मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे “एवढं काय त्यात?” असं कुणी विचारलं की मला राग येतो.

कायदा आहे, पण तो उंबरठ्यापाशी थांबतो. मुंबईचेच राजकारणी मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली, २००३ मध्ये कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. घरात ओढून शेजाऱ्याच्या घरात धूर सोडणाऱ्याबद्दल त्यात काही नाही.

मग राहते सोसायटी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इतर सभासदांना उपद्रव किंवा त्रास होईल असं काही कोणी करू नये, हे लिहिलेलं आहे. त्या बळावर आपण काय काय ठरवतो! चपलांचं स्टँड पॅसेजमध्ये नको. ओले कपडे खालच्यांच्या डोक्यावर ठिबकायला नकोत. कुत्रा लिफ्टमधून नको. बॅचलर भाडेकरू नकोत. प्रत्येकाचं परिपत्रक नोटीस बोर्डावर लागतं. धुराचं मी अजून एकाही बोर्डावर पाहिलेलं नाही. आणि ओढणारे आहेत तरी किती? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले. शंभरात चारही नाहीत. बाकीचे शहाण्णव खिडकी लावून घेतात.

का लावून घेतात, तेही सांगते. त्रास सोसणारं माणूस बहुधा दिवसभर घरात असतं: बाळंतीण, दम्याच्या आजी, लहान पोरं. सभेला मात्र फ्लॅट ज्याच्या नावावर तो जातो. भाडेकरूला वाटतं, बोललो तर अकरा महिन्यांनी करार वाढवणार नाहीत. आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला शेजारचीच गाडी लागणार असते, म्हणून जिभेवर आलेला शब्द बायका गिळतात. हे भित्रेपण नाही, शेजारधर्माची काळजी आहे. पण ती एकाच बाजूने किती वर्षं करायची?

दुसरीकडे लोक कोर्टात गेले. जपानमध्ये नागोयाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये, बाल्कनीत ओढून वरच्या मजल्यावरच्या बाईंना त्रास देणाऱ्याला पन्नास हजार येन भरपाई द्यायला लावली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं की धुराचा खरोखर त्रास होत असेल तर बाल्कनीच्या वेळा वाटून द्याव्यात, काही तास ओढणाऱ्याचे, काही शेजाऱ्याचे. मला जर्मन तोडगा पुरेसा वाटत नाही, डक्टला वेळापत्रक कळत नाही. पण बाल्कनीत शेजाऱ्याचाही हक्क असतो, एवढं तरी तिथे मान्य झालं.

ओढणाऱ्याशी माझं वैर नाही. निकोटिन सुटता सुटत नाही. मदतीचा फोन क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो, तो लावावा. तोवर त्याला उभं राहायला जागा द्यायला हवी, नाहीतर तो पुन्हा संडासातच जाणार. म्हणून वार्षिक सभेसाठी मी जो अर्ज फिरवते आहे त्यात दोनच मागण्या आहेत. बाल्कनी, जिना, गच्ची आणि डक्टकडे उघडणाऱ्या खोल्यांत ओढायचं नाही, हा ठराव. आणि मागच्या कंपाउंडच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीपलीकडे, जिथे एकाही घराची खिडकी येत नाही, तिथे एक बाकडं आणि थोटकांसाठी वाळूचा डबा. खर्च सोसायटीने करावा. सभा ३० सप्टेंबरच्या आत आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी बाकड्याच्या मागणीवर सही केली आहे. ठरावावर अजून नाही.