विकतच्यासारखा

हाताने विणलेल्या स्वेटरला आपल्याकडे मिळणारी सर्वोच्च पदवी म्हणजे ‘अय्या, अगदी विकतचा वाटतोय गं!’ वास्तविक हे ऐकून विणणारीला राग यायला हवा. मैफल संपल्यावर गवयाला कुणी ‘अगदी रेकॉर्ड लावल्यासारखं गायलात’ म्हणालं, तर तो पुन्हा त्या घराची पायरी चढेल का? पण विणणारी खुलते. तिला नेमकं कळलेलं असतं, की ही शाबासकी विणीला नाही. ती गळ्याला आहे, शिवणीला आहे, आत दडवलेल्या लोकरीच्या टोकांना आहे. गंमत अशी की मोठमोठ्या दुकानांत हल्ली मुद्दाम ‘हाताने विणल्यासारखे’ दिसणारे स्वेटर चढ्या भावाने विकतात. तिकडे यंत्र हातासारखं दिसायला धडपडतंय, इकडे हात यंत्रासारखे.

विणकामात टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. एका दुपारीत येतात. दोऱ्यांच्या, जाळीच्या, पानांच्या साऱ्या विणी या दोघांच्याच संसारातून निघतात. तरीही कुणाचा स्वेटर अंगावर बेतल्यासारखा बसतो आणि कुणाचा खांद्यावरून रुसून उतरतो, कारण बिघडतं ते बहुधा विणायला बसायच्या आधी किंवा विणून उठल्यावर.

आधीचं काम म्हणजे नमुन्याचा चौकोन. त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, 10 सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजायचे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि जवळजवळ कुणीही करत नाही. आता हिशेब पाहा. तुम्ही 10 सेंटिमीटरला 20 टाके धरून शंभर सेंटिमीटर घेरासाठी 200 टाके घातलेत. हात जरा घट्ट, म्हणून प्रत्यक्षात बसले 22. झाला घेर 91 सेंटिमीटर. दोन टाक्यांनी नवऱ्याचं पोट उघडं पाडलं, आणि दोष गेला दिवाळीच्या फराळाला. एलिझाबेथ झिमरमन या बाई जन्माने इंग्रज, पण अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिल्या. 1971 सालच्या त्यांच्या पुस्तकाचं नाव आहे ‘निटिंग विदाउट टिअर्स’. त्यांची युक्ती साधी होती. छातीच्या घेराचे टाके शंभर टक्के धरायचे. मनगटाला त्यांच्या सुमारे 20 टक्के, दंडाला साधारण 33, गळ्याला 40. एका चौकोनावरून अख्खा स्वेटर! आपल्या आज्या तेच काम वितीने आणि चार बोटांनी करत. फरक एवढाच, की त्यांना माप द्यायला नातवंड समोर धरून ठेवावं लागे.

सुयांच्या नंबरांनी तर कुटुंबांत तेढ येऊ शकते. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मोजणी चालत आलेली आहे. तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली 10 नंबरची सुई 3.25 मिलिमीटरची. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथली 10 नंबरची असते चक्क 6 मिलिमीटरची. न्यू जर्सीच्या सुनेने ‘आई, नंबर 10 वर विणा’ असं कळवलं आणि सासूबाईंनी तुळशीबागेतून आपल्या 10 नंबरच्या सुया आणल्या, तर शालीचा रुमाल ठरलेला. शहाण्याने नंबर विचारूच नये, मिलिमीटर विचारावेत.

गळा हे दुसरं संकट. टाके बंद करताना हात आपोआप आवळतो. मग मूल कानांपाशी अडकून रडतं, आणि आपण म्हणतो, डोकं मोठं आहे हो याचं, अगदी आजोबांवर गेलंय. डोकं ठीक असतं. टाके बंद करायला एक माप जाड सुई घ्यायची, आणि एक सुलट एक उलट असा काठ असेल तर बंद करतानाही सुलटावर सुलट, उलटावर उलटच विणायचं. बाहीच्या उतारातही असंच एक बारीक राजकारण आहे. दोन टाके सरळ एकत्र सुलट विणले की उतार उजवीकडे झुकतो. दोन्हीकडे तेच केलं, तर एक उतार रेखीव आणि दुसरा दातेरी. म्हणून दुसऱ्या बाजूला दोन टाके एकेक करून, सुलट घेतल्यासारखे, न विणता उजव्या सुईवर घ्यायचे आणि मग मागच्या अंगाने एकत्र विणायचे. ते डावीकडे झुकतात, आणि दोन्ही बाजू एकमेकींना नमस्कार करतात.

शिवण मात्र निव्वळ जादू आहे. बहुतेक जणी पाठ आणि पुढचा भाग उलट्या बाजूने शिवतात आणि काखेत दोरखंड तयार होतो. सुलट बाजू वर ठेवा, काठचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामधली आडवी काडी एकदा इकडची, एकदा तिकडची उचलत जा, आणि थोड्या अंतराने दोरा ओढा. दोन भाग मिटतात आणि शिवण नाहीशी होते. मोज्याच्या टोकाला सुईवरचे उघडे टाके याहून नाजूक रीतीने जुळवतात, आणि त्या टाक्याला किचनरचं नाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या भरतीपत्रकावरचा, बोट रोखून पाहणारा मिशाळ तो हाच. खंदकातल्या सैनिकांची बोटं शिवणीने सोलू नयेत म्हणून त्याने बिनशिवणीच्या मोज्याचा आग्रह धरला, असं सांगतात. विणणाऱ्या बायकांनी कधी पुरावा मागितलेला नाही. हाच किचनर त्याआधी हिंदुस्थानात सरसेनापती होता, आणि 1905 मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत त्याने स्टाफ कॉलेज सुरू केलं. दोन वर्षांत ते क्वेट्ट्याला गेलं. फौजा विस्मरणात गेल्या, मोज्याचं टोक उरलं.

मग धुणं. खऱ्या लोकरीचा स्वेटर थंड पाण्यात भिजवून, टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि मापाला ओढून आडवा पसरायचा. टाके जागेवर बसतात, वेडीवाकडी वीण एकसारखी होते. आपल्याकडे मात्र तो दोन चिमटे लावून दोरीवर लटकतो आणि खांद्यांना शिंगं फुटतात. पसरायचा तर पलंगावर, म्हणजे घरातल्यांनी निजायचं कुठे? बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. ती पाण्याला फारशी दाद देत नाही, आणि इस्त्री लागली तर कायमची मलूल होते.

एवढं करून स्वेटर भेट जातो आणि तिथली मंडळी तो मशीनमध्ये गरम पाण्यात टाकतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत असे गुंततात, की पुन्हा सुटत नाहीत. आठवीतल्या मुलाचा स्वेटर बारशाच्या मापाचा होऊन बाहेर येतो. ‘मावशी, तुमचा स्वेटर जरा आटला हो,’ असा फोन येतो, आणि त्यात अपराध मावशीचाच असतो. म्हणून जाणत्या बायका स्वेटरबरोबर एक चिठ्ठी आणि उरलेल्या लोकरीचा लहानसा गुंडा देतात. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, थंड पाणी, पिळू नये, टांगू नये. चिठ्ठी त्याच दिवशी हरवते. गुंडा मात्र जपून ठेवतात आणि शाळेत गोंडे करायला देतात.