टिकाकार

गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे ९,००० ओव्यांची टीका केली. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधल्या टिकाकाराकडे मूळ संहिता फक्त दोन अक्षरांची आहे, 'हम्म'. मंगळवारी रात्री ११.४२ ला आलेली. त्यानंतर मुलगी गप्प. दीड महिना रोज बोलणारी, याच्या ताटातला अर्धा डोसा हक्काने खाणारी मुलगी. तेव्हापासून भाष्य अखंड चालू आहे आणि श्रोते आम्ही दोघे रूममेट.

'म'ला 'म' जोडलाय म्हणजे ती विचारात होती, हा पहिला अध्याय. रागात असती तर नुसतं 'हं' आलं असतं. पुढचे सगळे अध्याय टिकांचे. एक टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. तिच्या दोन टिका करड्याच राहिल्या. "वाचायलाच वेळ नाहीये बिचारीला."

निळा रंग सेटिंगमध्ये बंद करता येतो, हे आम्ही सांगून पाहिलं. "ती तसली नाही," म्हणाला. पण रात्री दोनला गुपचूप उठून त्याने व्हॉइस मेसेज पाठवला. सेटिंग बंद असलं तरी व्हॉइस मेसेज ऐकला की माइकचं चिन्ह निळं होतंच, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. सात सेकंदांचा मेसेज अकरा वेळा रेकॉर्ड केला. सहज वाटावा म्हणून मधे थोडा खोकलाही घातला.

सकाळी सव्वानऊला माइक निळा झाला. पोह्यांचा चमचा हवेतच. "ऐकला! ऐकला रे!"

दुपार झाली, संध्याकाळ झाली. "मीटिंगमध्ये असेल." रविवार होता.

भाड्यासाठी आलेल्या घरमालकीण काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या वेळी पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून जायचे. मग निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. ती बिचारी छान जुळलेली असायची."

पत्रिकेचे हे उपकार आपण कधी मोजलेच नाहीत. नकाराचं सगळं पाप मंगळावर ढकलता यायचं आणि मंगळ काही जाब विचारायला येत नसे. डेटिंगमध्ये मंगळाची सोय नाही, मग माणसं गप्प बसतात.

टिकाकाराला हे पटलं नाही. "काकू, ती स्पष्ट बोलणारी आहे हो."

तेवढ्यात फोन वाजला. त्याने झडपच घातली. आईचा मेसेज होता, 'साताऱ्याहून तिसऱ्यांदा फोन आला. मुलगी पसंत आहे की नाही, काय सांगू त्यांना?' गेल्या महिन्यात आईचं मन राखायला तो ते स्थळ बघून आला होता. वर आईचेच आणखी चार मेसेज होते, चारही वाचलेले.

त्याने फोन पालथा ठेवला. "आई पण ना! गप्प आहे म्हटल्यावर समजू नये का माणसाने?"